गाळपेरीला इंग्रजीत काय म्हणतात, सर?

सर, साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

तुमच्याकडे आले तेव्हा पाणी-पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेतली मुलाखत महिन्यावर आली होती आणि इंग्रजी म्हटलं की माझी दातखीळ बसायची. मी आणलेलं शब्दसंग्रहाचं पुस्तक तुम्ही पालथं ठेवलंत आणि म्हणालात, "चल, घाटावर जाऊ."

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे बोट करून विचारलंत, "2019 ला पुराचं पाणी कितीपर्यंत गेलं होतं?" मी म्हटलं, 57 फुटांच्या वर. धोक्याची पातळी 45. "म्हणजे डेंजर लेव्हल तुला शिकवायला नको. कोयनेतून सोडतात तो?" विसर्ग. "डिस्चार्ज. कशात मोजतात?" क्युसेकमध्ये. "एक क्युसेक म्हणजे किती?" इथं मी गप्प. दर पावसाळ्यात ऐकलेला शब्द, पण सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर, हे त्या संध्याकाळी कळलं. पाणलोट म्हणजे कॅचमेंट, अलमट्टी धरणाचा फुगवटा म्हणजे बॅकवॉटर, गाळ म्हणजे सिल्ट. घरी जाईपर्यंत दहा शब्द झाले होते आणि पाठ एकही केला नव्हता.

मग रोजच सुरू झालं. शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्यापाशी नाकाला पदर लावून शिकले की घाण पाणी ते सुएज आणि ते वाहून नेणारी सगळी व्यवस्था ती सुअरेज. आपण सांगलीकर दोन्हींना ड्रेनेज म्हणून मोकळे होतो. साखर कारखान्यांनी नदीत मळीचं पाणी सोडलं की मासे मरून वर येतात, ते सोडलेलं पाणी एफ्लुएंट. मला व्हायचं होतं फ्लुएंट आणि पहिल्याच आठवड्यात शिकले एफ्लुएंट! तुम्ही हसला नाहीत. दोन्ही शब्दांच्या मुळाशी वाहणंच आहे म्हणालात, आणि माझी लाज गेली.

वेदर आणि क्लायमेट मी कायम एकच समजायचे. तासगावच्या मामाची द्राक्षबाग तुम्हाला ठाऊक होती. "मामा आज फवारणी करायची का बघतो ते वेदर. बाग लावायची का ठरवतो ते क्लायमेट." अवकाळीनं मामाचे घड कुजले होते, त्यामुळे क्लायमेट चेंजचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. दुष्काळाला मी 'ड्रॉट' म्हणायचे. तुम्ही म्हणालात, "ड्राउट. त्यातले जी आणि एच कागदावरच्या पाझर तलावासारखे. दिसतात, पण उपयोग नाही." दुष्काळी जतच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती अर्धा तास हसत होती, आणि मग हसायची थांबली.

क्षार साचलेली क्षारपड जमीन म्हणजे सलाइन, उसाचं पाचट न जाळता सरीत पसरलं तर मल्चिंग. हे सगळं आमच्या रानात होतंच, फक्त इंग्रजी नाव माहीत नव्हतं.

मुलाखतीत व्याकरण दोनदा घसरलं. रिड्यूस, रीयूज, रीसायकल हे अपेक्षेप्रमाणे विचारलं, ते सांगितलं. मग एका मॅडमनी फ्लड प्लेन म्हणजे काय विचारलं. पुराचं पाणी पसरतं तो नदीकाठचा सपाट भाग, एवढं साधं, पण व्याख्या सुचेना. तोंडातून निघालं, "अवर हाउस इज इनसाइड द ब्लू लाइन." पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आमच्या परसाच्याही पलीकडून जाणारी. खोलीत शांतता. मग त्यांनी हळूच मराठीत विचारलं, "घरात किती आलं होतं?" मी हात डोक्यावर नेऊन दाखवला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पहिल्या पगारातून आणलेले पेढे तुम्ही शुगर म्हणून परत केलेत, आणि काकूंनी मागच्या दारानं ठेवून घेतले.

आता तुम्ही मुलाकडे पुण्याला. वहीत शेवटच्या पानावर 'गाळपेर' लिहिलेलं आहे, समोर तुमच्या अक्षरात प्रश्नचिन्ह. पाणी ओसरल्यावर ओल्या गाळात केलेल्या पेरणीला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणायचं, ते बघून सांगतो म्हणाला होतात. दिवाळीला याल तेव्हा वही घेऊन घाटावर थांबते.

तुमची,
सांगलवाडीची विद्यार्थिनी