आपल्या हॉलसाठी रिसीव्हर निवडताना: आई-बाबांना पत्र

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आपण बोलत होतो तेव्हा पाठीमागे टीव्ही चालू होता. बाबांनी दोनदा आवाज वाढवला, जाहिरात लागताच आईने तो घाईघाईने खाली आणला आणि मालिका पुन्हा सुरू झाल्यावर बाबांनी "काय म्हणाली ती?" असे विचारले. फोन ठेवल्यानंतरही ते माझ्या मनातून जाईना. त्याच बोलण्यात बाबांनी दुकानात पाहून आलेल्या "1000 वॅट"च्या सेटचा विषय काढला होता आणि मी विचार करून कळवते म्हटले होते. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तो सेट घेऊ नये, त्याऐवजी रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन वेगळ्या स्पीकरांना पुरवणारे यंत्र, घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

बाबा, तुम्हाला आवाज कमी पडत नाही, शब्द कमी पडतात. वयानुसार ऐकण्याची शक्ती सगळ्याच सुरांसाठी सारखी उतरत नाही. वरच्या पट्टीतले ध्वनी आधी अंधूक होतात. आपल्या बोलण्यातल्या स्वरांचा जोर बराचसा खालच्या पट्टीत असतो, तर स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीतली आणि मुळातच क्षीण असतात. 'स'ची सळसळ तर 4000 हर्ट्झच्याही वर जाते. म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला की स्वर आणि पार्श्वसंगीत तेवढे वाढते, पण समोरचा माणूस 'साठ' म्हणाला की 'आठ', हे कळतच नाही. शिवाय आपल्या टीव्हीचे स्पीकर तळाशी, खाली तोंड करून बसवलेले आहेत. त्यांचा आवाज आधी शोकेसच्या फळीवर आपटतो आणि मग तुमच्यापर्यंत येतो. (कानाची तपासणी एकदा करून घ्या, ही माझी विनंती आहेच, पण तो विषय वेगळा आणि हा वेगळा.)

चित्रपटांच्या 5.1 ध्वनीमध्ये (पाच स्पीकर आणि एक सब-वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) बहुतेक सगळे संवाद मधल्या वाहिनीत, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये ठेवलेले असतात. तिथे तुमच्याकडे तोंड केलेला एक स्वतंत्र स्पीकर असला, तर रिसीव्हरमधून तेवढ्याचाच आवाज तीन-चार डेसिबलने वाढवता येतो आणि संगीत जिथल्या तिथे राहते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. पाठीमागचे स्पीकर आपल्याला नकोत, कारण हॉलमध्ये त्यांना जागा नाही आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर वायर पसरलेली मला मुळीच चालणार नाही. सब-वूफरही नको, त्याची घरघर स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरते आणि खालच्या काकूंची झोप हलकी आहे. पुढचे दोन आणि मधला एक, असे तीनच स्पीकर. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सब-वूफर नाही असे नोंदवले की तो खालचे सूर पुढच्या दोन स्पीकरकडे वळवतो.

आता तुम्ही विचाराल की मग याहून छोटे काहीतरी का घेऊ नये. मीही तिथूनच सुरुवात केली होती. सोनोस अँप हे यंत्र 21.7 सेंटीमीटर चौरस आणि जेमतेम 6.4 सेंटीमीटर उंच असते, टीव्हीला एका एचडीएमआय वायरने जोडता येते आणि दिसतेही देखणे. पण त्यात डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या असतात, मधल्या स्पीकरची सोय नसते. दोन स्पीकरमधून येणारा संवाद मधून आल्यासारखा वाटतो, तो ऐकणारा बरोबर मध्यावर बसला असेल तर. बाबा, तुम्ही खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसता. तिथे जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि सगळे बोलणे त्याच बाजूला सरकते. आईची दिवाणावरची जागा दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून तिला ते उलट्या बाजूने ऐकू येईल. साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी) वाईट असतो असे मी म्हणणार नाही, काहींमध्ये सेंटर चॅनलही असतो. पण मावशीकडचा साउंडबार तीन वर्षांत बंद पडला, सुटा भाग मिळत नाही असे सांगण्यात आले आणि सगळेच टाकून द्यावे लागले. रिसीव्हर बिघडला तर स्पीकर तरी हाती राहतात.

स्पीकरवरून आठवले. बाबा, तुम्ही 1988 साली बोनसच्या पैशांतून घेतलेली सोनोडाइनची जोडी अजून माळ्यावर आहे ना? ती खाली काढून पुढची जाळी अलगद उतरवा आणि कोनाच्या (आतल्या शंकूसारख्या पडद्याच्या) भोवतालची कड बोटाने हलकेच दाबून पाहा. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत इतक्या वर्षांनी तिचा भुगा होऊन हाताला लागण्याची शक्यता आहे. तसे झाले असले तरी जोडी टाकू नका. कड नवी बसवून मिळते, आणि लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर असे काम करणारा कारागीर सापडेल. मागच्या पट्टीवर 8 ओहम (स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचे माप) लिहिले आहे का, तेवढे मात्र वाचून कळवा. 4 ओहमच्या स्पीकरला प्रवाह जास्त लागतो आणि छोट्या रिसीव्हरची उष्णता त्याने वाढते. जोडी चांगली निघाली तर फक्त मधला स्पीकर नवीन घ्यावा लागेल. तिघांच्या आवाजाचा पोत अगदी एकसारखा जुळणार नाही, परंतु संवाद मधल्यातूनच येणार असल्यामुळे आपल्या कामाला ते पुरेसे आहे.

आई, तू शोकेसच्या खणाचे माप पाठवलेस त्याचा फार उपयोग झाला: रुंदी 46, उंची 17 आणि खोली 40 सेंटीमीटर. डेनॉनचे नेहमीचे, खालच्या श्रेणीतले रिसीव्हर सुमारे 15.1 सेंटीमीटर उंच असतात. ते आत सरकतील, पण डोक्यावर दोन सेंटीमीटरच जागा उरेल आणि रिसीव्हरची गरम हवा तर वरच्या जाळीतूनच बाहेर पडते. मरांट्झचा सिनेमा 70एस 10.9 सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे वर सहा सेंटीमीटर मोकळे राहतात. माझी पसंती त्यालाच आहे. एक गोष्ट मात्र दुकानात कोणी आपणहून सांगत नाही: असे रिसीव्हर उंचीला कमी असतात, खोलीला नव्हे. हा 38.4 सेंटीमीटर खोल आहे, आणि एचडीएमआयची वायर मागून निघून वळायला आणखी पाच-सहा सेंटीमीटर लागतात. म्हणजे आपल्या 40 सेंटीमीटरच्या खणात तो वायरीसकट मावत नाही. सुतारकाकांकडून मागच्या प्लायवुडला साधारण 30 बाय 12 सेंटीमीटरची खिडकी कापून घेतली तर वायरींचाही प्रश्न सुटेल आणि हवाही खेळेल. ते जमणारे नसेल तर सोनीचा एसटीआर-डीएच590 पाहावा लागेल. तो फक्त 29.7 सेंटीमीटर खोल आहे, मात्र उंची 13.3 असल्याने वर चार सेंटीमीटरही उरत नाहीत. कुठलाही घेतला तरी तो चालू असताना काचेचे दार उघडे ठेवायचे. आणि आई, तू विणलेला क्रोशाचा रुमाल माझ्या फार आवडीचा आहे, पण तो या यंत्रावर घालू नकोस, शेजारच्या खणात ठेव.

वॅटविषयी थोडेसेच लिहिते. पाकिटावरचे 1000 वॅट कसे मोजले आहेत हे तिथे लिहिलेले नसते; सिनेमा 70एसचे 50 वॅट हे 8 ओहमवर, 20 ते 20,000 हर्ट्झ या संपूर्ण पल्ल्यात, दोन वाहिन्या एकदम चालू ठेवून मोजलेले आहेत. एका वॅटला, एका मीटरवर 87 डेसिबल देणारा साधारण स्पीकर धरला, तर तुमच्या खुर्चीपर्यंतच्या तीन मीटरांत त्यातले नऊ-दहा डेसिबल कमी होतात आणि तरीही 77 उरतात. आपले नेहमीचे बोलणे 60च्या आसपास असते. म्हणजे बातम्या ऐकायला एक वॅटसुद्धा लागत नाही. वॅट दुप्पट केले तरी वाढ होते ती केवळ तीन डेसिबलची, त्यामुळे त्या आकड्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मालिका आणि बातम्यांचा आवाज बहुधा डाव्या-उजव्या अशा दोनच ध्वनिवाहिन्यांत येतो, आणि रिसीव्हर 'स्टिरिओ'वर राहिला तर मधला स्पीकर गप्पच बसतो. म्हणून रिमोटवरचे 'मूव्ही' बटण दाबून 'डॉल्बी सराउंड' निवडायचे. मग दोन्ही वाहिन्यांत सारखे असलेले बोलणे वेगळे काढून मधल्या स्पीकरकडे पाठवले जाते. जाहिरातीचा आवाज एकदम चढतो, त्यासाठी 'डायनॅमिक व्हॉल्यूम' नावाची सोय आहे. ती लावली की आईला रिमोटकडे धाव घ्यावी लागणार नाही. टीव्हीच्या मागे ज्या खाचेवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिले आहे तिथेच रिसीव्हरची वायर जोडली, तर रोजचा आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमीजास्त होईल. नवा रिमोट रोज हाताळावा लागू नये, हे मी मुद्दाम पाहिले आहे.

मी इकडूनच घेऊन यावे असे बाबांनी सुचवले होते. तसे करता आले असते तर मला आनंदच झाला असता, पण इथे विकला जाणारा रिसीव्हर 120 व्होल्टवर चालतो आणि आपल्याकडे 230 व्होल्ट असतात. शोकेसमध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर आणखी ठेवावा लागेल, आणि दुरुस्तीची वेळ आली तर तिकडे वॉरंटीही चालणार नाही. रिसीव्हर तिकडेच घेऊ, पैसे मी पाठवते. त्याबद्दल कृपया वाद घालू नका.

सोबत एक छोटा मायक्रोफोन येतो. तो तुमच्या दोघांच्या बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवला की यंत्र स्वतःच चाचणीचा आवाज काढून प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि पातळी बसवून घेते. हे काम तुम्ही करू नका; डिसेंबरमध्ये मी येईन तेव्हा पंखा बंद करून, दुपारी सोसायटी शांत असताना आपण तिघे मिळून करू.

तोपर्यंत सुतारकाकांना बोलावून प्लायवुड आणि भिंत यांच्यामध्ये किती जागा आहे ते मोजून घ्या. पाच सेंटीमीटर निघाली तर मी लगेच ऑर्डर देते. बाबा, माळ्यावर तुम्ही चढू नका, वॉचमनला सांगा.

तुमची लेक