मंत्रिमहोदय, ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे?

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

आमच्या शाळेची संगणक लॅब तुमच्याच हस्ते सुरू झाली. फीत कापल्यावर तुम्ही म्हणालात, "तक्रार आली की चोवीस तासांत तंत्रज्ञ दारात हजर." मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्याही वाजवल्या. मी गणिताचा शिक्षक. वेळापत्रकात माझे दोन तास मोकळे दिसले म्हणून लॅब माझ्या गळ्यात पडली. परवा मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ऑनलाइन चाचणीच्या दिवशी 24 पैकी 13 संगणकांवर लॉगिन का झाले नाही, याचा खुलासा तीन दिवसांत करा म्हणे.

करतो. आधी तुमच्याकडे करतो.

तेरापैकी आठ संगणकांची घड्याळे चुकली होती. हसू नका. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032 नावाचा. सुट्टीभर लॅबचा मेन स्विच बंद, सेल जुने, ते संपले, आणि संगणक जागे झाले ते काही वर्षे मागच्या तारखेला. आमचे लॉगिन सर्व्हरवरून तपासले जाते, आणि सर्व्हरच्या व संगणकाच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की सर्व्हर दारच उघडत नाही. मुलांना वाटते पासवर्ड चुकला. मग ती आठवेल ते टाकत सुटतात आणि खातेच लॉक होते. उपाय दोन मिनिटांचा: घड्याळ लावायचे. पण त्याला ॲडमिन पासवर्ड लागतो, आणि तो ठेकेदाराकडे. बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून लावावे, तर तिथेही त्याच ठेकेदाराचा पासवर्ड. मशीन आमचे, धूळ पुसायची आम्ही, नोटीस आम्हाला, किल्ली मात्र त्याच्या खिशात!

उरलेल्या पाचांवर नेटवर्कचा पत्ता (आयपी) दिसत होता 169.254 ने सुरू होणारा. म्हणजे संगणकाने राउटरकडे पत्ता मागितला, कोणी दिला नाही, शेवटी बिचाऱ्याने स्वतःच एक ठोकून दिला. हे कळले की पासवर्डच्या मागे लागायचे नाही, वायर बघायची. बघितली. मागच्या रांगेची वायर खुर्चीच्या पायाखाली चेपून चेपून आतून तुटली होती. हे मला कोणी शिकवले नाही. तुमच्या प्रशिक्षणात पहिला अर्धा दिवस स्वागतात गेला आणि दुसरा अर्धा फोटोत.

गेल्या वर्षी तर एका मुलाने सुटी वायर दिसली म्हणून तिची दोन्ही टोके एकाच नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी जिथे जुळतात त्या डब्यात खोचली. संदेश गोल गोल फिरत राहिले, दोन दिवस अख्खी लॅब आडवी. एकेक वायर उपटत मी ते शोधले, गुडघ्यांवर, टेबलांखाली. असा फेरा आपोआप तोडण्याची युक्ती अमेरिकन संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी 1985 साली काढली होती. आम्हाला मिळालेल्या स्वस्त स्विचपर्यंत ती अजून पोहोचायची आहे.

आणि ते दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलणे! तिसरीतल्या पोराने बारा अक्षरे, एक मोठे, एक चिन्ह लक्षात ठेवायचे. साहजिकच सगळ्यांचे पासवर्ड भिंतीवरच्या कागदावर आहेत. सुरक्षितता बघा केवढी. अमेरिकेच्या नीस्ट या मानक संस्थेने 2017 मध्येच सांगितले की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नये. आमच्याकडे ते परिपत्रक यायला अजून किती मंत्री लागतील?

तक्रार केली नाही का, असे नोटिशीत विचारले आहे. केली. तक्रार फक्त पोर्टलवर घेतात, म्हणजे नेट नाही हे सांगायला नेट हवे. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॉगिन केले. ओटीपी गेला बदली होऊन गेलेल्या मुख्याध्यापकांच्या फोनवर. त्यांना फोन करून तो मागितला, तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी निकाली. शेरा: "शाळेने इंटरनेट तपासून घ्यावे."

मी हिशेब मांडला. दर तासाची पहिली पंधरा मिनिटे लॉगिनमध्ये जातात. आठवड्याला दहा तास, वर्षाचे चाळीस आठवडे: 6000 मिनिटे, म्हणजे शंभर घड्याळी तास. थोडे इकडेतिकडे असेल, रजिस्टर काढून बघायला मला वेळ कुठे आहे! आणि हे एका शाळेचे. रात्री साडेनऊला फोन येतो, "सर, ऑफिसचं नेट गेलंय, उद्या माहिती भरायची शेवटची तारीख आहे." माझी स्वतःची मुलगी गणिताची वही घेऊन समोर बसलेली असते.

सगळ्याच खात्यांत हे असेच. खरेदीचा फोटो निघतो, दुरुस्तीचा निघत नाही, म्हणून दुरुस्तीला ना माणूस ना पैसा. हजेरी ऑनलाइन, गुण ऑनलाइन, आमची रजाही ऑनलाइन, आणि हे सगळे ज्या वायरीवर लोंबकळते ती बघायला गणिताचा मास्तर. मुलांना कोण शिकवते, हा रकाना कुठल्याच पोर्टलवर नाही.

मला नवे संगणक नकोत. ॲडमिन पासवर्ड शाळेला लेखी द्या. आठवड्यातून एक दिवस तरी जाणता माणूस पाठवा. डझनभर सेल आणि दहा वायरी मी पदरमोड करून आणीन, आजवर आणतच आलो.

खुलाशाची मुदत उद्या संपते. तोही पोर्टलवरच अपलोड करायचा आहे. आत्ताच जुन्या मुख्याध्यापकांना ओटीपीसाठी फोन लावला होता. ते म्हणाले, "थांबा हो सर जरा, इथेही लॉगिन होत नाहीये."

आपला,
एक लॅब इनचार्ज (विषय: गणित)