स्थळ म्हणालं, जनुकांचा रिपोर्ट द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीला एकोणिसाव्या वर्षी ल्युपस झाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. आज ती सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते. आजार लपवून लग्न करायचं नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. मागच्या महिन्यात आलेल्या एका स्थळाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘जनुकांची टेस्ट करून रिपोर्ट द्याल का? पुढे मुलांना होणार नाही ना, एवढंच.’’

माणसं वाईट नव्हती. पण तसा छातीठोक रिपोर्ट कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. 2022 मध्ये स्पेनमधल्या एका मुलीचा ल्युपस टीएलआर-7 या एकाच जनुकातल्या बदलामुळे झाल्याचं सिद्ध झालं आणि त्याची मोठी बातमी झाली. तशा केसेस अगदी विरळा. बाकीच्यांत शंभराहून जास्त जनुकीय जागांचा वाटा असतो, तोही प्रत्येकीचा चिमूटभर. एकाच गर्भातून फुटलेल्या जुळ्या बहिणींतही एकीला झाला म्हणून दुसरीला होतोच असं नाही. बहुतेक जोड्यांत होत नाही. ऊन, जंतुसंसर्ग, संप्रेरकं यांचाही हात असतो. मूत्रपिंडाचा धोका वाढवणारी एपीओएल-1 या जनुकाची जी रूपं सध्या चर्चेत आहेत, ती मुख्यतः पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतात. आपल्या मुलींना त्याचा काय उपयोग?

दहा रुग्णांत नऊ बायका, म्हणून घरोघर बोट आईकडेच जातं. ‘‘तुमच्याच माहेरचं असणार,’’ हे मी सात वर्षं ऐकते आहे. टीएलआर-7 हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलीला एक एक्स बापाकडूनही येतो, हे कुणी सांगत नाही.

माझी खरी चूक वेगळीच झाली. सकाळी तिच्या पापण्या सुजायच्या, अंगठी बोटातून निघायची नाही, लघवीला साबणासारखा फेस यायचा. मी म्हणत राहिले, परीक्षेचं जागरण. तीन महिने असेच गेले. लघवीत प्रथिनं भरमसाट निघाली आणि बायोप्सीत मूत्रपिंडाला चांगलीच इजा झालेली दिसली. ल्युपसच्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या मूत्रपिंडाला कधी ना कधी झळ पोचते आणि सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही. लघवीची साधी तपासणी कुठल्याही गावच्या लॅबमध्ये होते. माझ्या मुलीची तेव्हाच झाली असती तर!

आपल्या आरोग्य पुरवणीत जनुकांच्या शोधांना पानभर जागा मिळते. एक चौकट या तपासणीलाही द्यावी, ही कळकळीची विनंती. गालांवर पुरळ, सांधेदुखी, न जाणारा थकवा असलेल्या प्रत्येक मुलीच्या आईच्या नजरेला ती पडू दे.

त्या स्थळाला आम्ही मुलीचे गेल्या दोन वर्षांचे लघवीचे रिपोर्ट दाखवले. प्रथिनं नाहीत. आजार किमान सहा महिने शांत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळंतपणही होऊ शकतं, हेही सांगितलं. त्यांनी फाईल घरी वाचायला मागून नेली आहे.

– एक आई, सातारा