चार पावसाळे जास्त पाहिले म्हणून

संपादक महोदय,

‘आम्ही चार पावसाळे जास्त पाहिले आहेत’ हे वाक्य वादातले मुद्दे संपल्यावरच बाहेर येते, असे मी वयाच्या ६८व्या वर्षी स्वानुभवाने सांगतो. गेल्या महिन्यात गळका नळ मी पकडीने आवळत बसलो होतो. वायसर झिजला असेल, असे १४ वर्षांची नात दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मी तिला गप्प केले. नळाचे आटे गेल्यावर आत पाहिले, तर वायसर खरोखरच झिजलेला होता.

विद्वानांच्या सभेतही निराळे घडत नाही. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत २४ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी श्वेत बटू ताऱ्यांच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यांच्या, वस्तुमानाला मर्यादा असते, असे मांडले, तेव्हा ५२ वर्षांच्या नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी त्यांची खिल्ली उडवली आणि एडिंग्टन यांचा दबदबा असा, की चंद्रशेखर यांची बाजू घ्यायला उघडपणे फारसे कोणी पुढे आले नाही. चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये नोबेल मिळाले. गंमत म्हणजे, याच एडिंग्टन यांनी ३६व्या वर्षी, १९१९च्या सूर्यग्रहणात, आइन्स्टाइन यांचा नवा सिद्धांत पडताळून पाहिला होता.

अर्थात ‘तुमचा काळ वेगळा होता’ हे तरुणांचे उत्तरही तितकेच आळशी आहे. चक्रवाढ व्याजाचे गणित कोणत्याही पिढीसाठी बदललेले नाही. अनुभवी माणसाने अनुभव जरूर सांगावा, पण जन्मतारीख पुढे करू नये.

नवा नळ नातीने बसवला. बॅटरी धरण्याचे काम माझ्याकडे होते.

– एक ज्येष्ठ वाचक