मंदी आली की आम्हा फोनवाल्यांचंच कसं फावतं

प्रिय आई-बाबा,

इकडे पर्वरीत पाऊस नुसता कोसळतोय, तुमच्याकडे डिचोलीला नदीचं पाणी कुठवर आलंय ते कळव गं आई, आणि पाणी उतरेपर्यंत बाजारात जायची घाई करू नका. बाबांची बीपीची गोळी म्हापशाहून घेतलीय, येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवते.

परवा बाबांनी फोनवर टोमणा मारला ना, "हॉटेलवाले रडतायत, टॅक्सीवाले रडतायत आणि तुमच्या कंपनीला मात्र काम, हे काय गौडबंगाल आहे", त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं म्हणून टाईप करतेय. बाबा, अक्षर मोठं करून वाचा, चष्मा शोधत बसू नका. मावशीच्या मोरजीच्या होमस्टेच्या फोनचं पण विचारलं होतंत, ते शेवटी लिहिते.

तुम्ही टेलिफोन खात्यात अख्खा जन्म काढलात तेव्हा तुम्हाला मी काय सोप्पं करून सांगणार. हॉटेलचा फोन म्हणजे रिसेप्शनच्या मागे ईपीएबीएक्सचा डबा, म्हणजे हॉटेलचं आतलं छोटं एक्स्चेंज, त्याच्या बॅटऱ्या, खोलीखोलीत वायर, बाहेरून पीआरआय म्हणजे एकाच वेळी बरेच कॉल नेणारी लाईन, आणि दरवर्षीची एएमसी, देखभालीचा करार. पीआरआय घेतली की ३० चॅनल, म्हणजे एका वेळी ३० कॉल, डिसेंबरात तेही कमी पडतात आणि जुलैत दोन-तीन जरी चालले तरी पुष्कळ, पण भाडं बारा महिने तेवढंच. धंदा बरा असला की कोण बघतंय, मालक म्हणतो चाललंय ते चालू दे. मग एखाद्या पावसात वीज पडते, कार्ड उडतं, डबा इतका जुना की स्पेअर मिळत नाही, आणि हे सगळं नेमकं हात आखडलेल्या वर्षीच अंगावर येतं. नव्या डब्याला लाखांत पैसे लागणार, बँकेचा माणूस आधी जुन्या हप्त्याचं विचारणार. अशा वेळी आमच्यातलं कोणी जाऊन सांगतं की डबा घेऊच नका, फोनचं एक्स्चेंज आमच्या सर्व्हरवर, तुम्ही माणशी महिन्याला एवढे द्या, जूनमध्ये निम्मे एक्स्टेन्शन बंद करा, ऑक्टोबरात परत चालू. मालकाला टेक्नॉलॉजीचं काही कौतुक नसतं हो, त्याच्याकडे एकरकमी पैसे नसतात. बस, एवढंच गौडबंगाल.

आणि गोव्यात हात आखडायची वर्षं काय कमी आली का. २०१२ ला खाणी बंद, २०१४ च्या शेवटी रुबल पडला आणि रशियन आटले, २०१६ ला नोटाबंदी, २०१८ ला परत खाणी, २०१९ च्या सप्टेंबरात थॉमस कूक बुडाली आणि ब्रिटिशांची चार्टर गेली, आणि हे सगळं निस्तरेपर्यंत २०२० उजाडलं. २०१९ ला नऊ लाखांच्या वर परदेशी आले होते, २०२३ ला साडेचार लाखांच्या आसपास. देशी गर्दी वाढली खरी पण तो पाहुणा दोन रात्रींचा.

२०१२ चं मला अजून आठवतं, ट्रक दारादारात उभे आणि तुम्ही घरी येऊन सांगायचात की आज परत लाईन सरेंडर करायचे अर्ज आले, गॅरेजवाले, ट्रकमालक, स्पेअर पार्टवाले. नंतर थोड्या खाणी सुरू झाल्या तेव्हा त्यातला एक तरी लँडलाईन मागायला परत आला का? नाही आला, मोबाईलवर भागतंय हे त्याला कळून चुकलं होतं. माझं म्हणणं हेच आहे. मंदीत माणूस जे तात्पुरतं म्हणून सोडतो ते बरे दिवस आले तरी परत घेत नाही. एरवी जे व्हायला दहा वर्षं लागली असती ते एका वाईट सीझनमध्ये होतं आणि तिथेच थांबतं.

बरं, हे इंटरनेटवरून फोन चालवणं स्वस्त झालं कसं त्याची गोष्ट तर तुम्हाला आवडेलच, कारण ती केबलची आहे. २००० च्या आधी अमेरिकेत सगळ्यांना वेड लागलेलं, समुद्राखालून फायबरच फायबर टाकलं, वाटलं इंटरनेट इतकं वाढेल की पुरणार नाही. मग फुगा फुटला, २००२ च्या जानेवारीत ग्लोबल क्रॉसिंगने दिवाळं काढलं, जुलैत वर्ल्डकॉमने. केबल मात्र समुद्रात तशाच पडून. टायको कंपनीचं जगभरचं जाळं, बांधायला दोन अब्ज डॉलरच्या वर गेलेले, ते आपल्या व्हीएसएनएलने, म्हणजे तेव्हा टाटांच्या, १३ कोटी डॉलरला उचललं, सौदा २००४ च्या शेवटी जाहीर झाला. असल्या पडेल भावाच्या फायबरवरच तर पुढे इंटरनेटचे कॉल स्वस्त झाले. म्हणजे एका मंदीत ज्यांचं दिवाळं निघालं त्यांचा माल पुढच्या मंदीत दुसऱ्यांच्या कामी आला. त्या आधीच्या फेरीत, म्हणजे २००१ च्या आसपास, सॉफ्टवेअर भाड्याने देणारे बरेच जण बुडालेही होते, कल्पना हीच, पण इंटरनेटची लाईनच धड नव्हती.

मग २००८ आलं, सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स गेली, आणि कंपन्यांनी सगळ्यात आधी प्रवास कापला. मीटिंगला विमान नको, व्हिडिओवर बोला. ॲमेझॉनने सर्व्हर भाड्याने द्यायला दोनच वर्षांपूर्वी, २००६ ला, सुरुवात केलेली, त्यामुळे नव्या पोरांना मशीन न घेता कंपनी काढता आली. प्रोग्राममधून फोन लावता येईल अशी सोय देणारी ट्विलिओ २००८ ची, व्हॉट्सॲप २००९ चं. ही काही मंदीने जन्माला घातली असं मी म्हणणार नाही, पण त्यांना गिऱ्हाईक मिळालं ते पैसे वाचवायला निघालेलं.

आपल्याकडे मात्र तोवर तुमच्या खात्याचे नियम आडवे होते, तुम्हाला तर पाठच असतील. कॉल सेंटर काढायचं तर नोंदणी, माणूस घरून बसवायचा तर बँक गॅरंटी, साध्या लाईनचा कॉल आणि इंटरनेटचा कॉल एकमेकांत मिसळायचा नाही, टोल बायपास होईल, म्हणजे लांबच्या कॉलचे पैसे बुडतील म्हणून. वर्षानुवर्षं कंपन्या ओरडत होत्या, कोणी दाद दिली नाही. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून तुमच्यासकट ७८ हजारांवर माणसं व्हीआरएस घेऊन बाहेर पडली, आणि २५ मार्चला देशच बंद. मग मात्र घरून काम करायला सवलत, नोव्हेंबरात नोंदणी आणि बँक गॅरंटी दोन्ही रद्द, आणि २०२१ च्या जूनमध्ये तर ईपीएबीएक्स जगात कुठेही ठेवा म्हणाले. सरकार पण मालकासारखंच निघालं, अडल्याशिवाय हलत नाही. झूमच्या मीटिंगांना रोज एक कोटी हजेऱ्या लागायच्या त्या चार महिन्यांत तीस कोटींवर गेल्या, त्यात आपल्या आईची भजनी मंडळी पण होती, म्यूट करायला न शिकता.

पण गोव्याला याचा फटका कसा उलटा बसतो बघा. मुंबईच्या कंपनीने व्हिडिओवर मीटिंग केली की तिचा खर्च वाचतो, पण तीच कंपनी आपल्याकडच्या हॉटेलात दोनशे माणसं घेऊन कॉन्फरन्सला यायची. म्हणजे कळंगुटच्या हॉटेलवाल्याचं बुकिंग ज्या गोष्टीने नेलं तीच गोष्ट मी त्याला विकायला जाते. मग त्याच व्हिडिओच्या जोरावर लॅपटॉपवाले आले, आसगाव-शिवोलीत घरं घेऊन महिनोन्महिने राहिले, भाडी अशी चढली की तिथल्याच पोरांना परवडेना. फायदा कोणाचा झाला ते तुम्हीच ठरवा, मला अजून ठरवता येत नाही.

एक चांगली गोष्ट मात्र झाली. बरे दिवस असताना सुटलेल्या कॉलचा हिशोब कोण ठेवत होतं? रिसेप्शनवर कोणी उचलला नाही तर नाही. आता बुकिंगच्या वेबसाईटला शंभरातले पंधरा-वीस द्यायचे झाले की थेट फोन करणारा पाहुणा सोन्यासारखा वाटतो, आणि आमच्या सिस्टीमवर सुटलेल्या प्रत्येक कॉलची यादी दिसते, रात्री अडीचचा सुद्धा. एका मालकाने ती यादी बघून डोक्याला हात लावला. दुसऱ्या महिन्यात त्याने काय केलं तर रात्रपाळीच्या ऑपरेटर बाईंना काढलं आणि रात्रीचे कॉल स्वतःच्या मोबाईलवर वळवले. किती वर्षांच्या होत्या त्या तिथे, आवाजावरून पाहुणा ओळखायच्या. ते वळवायचं बटण मीच शिकवलं होतं, त्यामुळे फावतं म्हणालात ना बाबा, ते थोडं लागलं.

आणि आमचं फावतं हे पण अर्धंच खरं. माणशी पैसे म्हणजे गिऱ्हाइकाने माणसं कमी केली की आमचं बिल पण कमी. ट्विलिओने २०२२ च्या सप्टेंबरात शेकडा ११ लोक काढले, पाच महिन्यांत आणखी १७, झूमने २०२३ ला तेराशेच्या आसपास. आमच्या छोट्या कंपनीत पण जून-जुलै आला की सगळे गप्प गप्प असतात.

शिवाय भाडं ते भाडंच. डबा विकत घेतला की दहा वर्षं आपला, इथे महिना चुकला की फोन मुका. रस्ता खणताना फायबर तुटलं की अख्खं हॉटेल मुकं, आणि आपल्याकडे रस्ता कधी खणत नाहीत. तुमच्या एक्स्चेंजला ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या होत्या, घरातली वीज गेली तरी फोन चालायचा, हे मी गिऱ्हाइकांना सांगते तेव्हा पोरं हसतात.

आता मावशीचं. आई, तिला सांग त्या सेल्सवाल्या मुलाच्या वर्षाच्या प्लॅनवर सही करू नकोस. चार खोल्यांना आयव्हीआर, म्हणजे फोन उचलणारा रेकॉर्ड केलेला आवाज, कशाला, "बुकिंगसाठी एक दाबा" म्हणे, उचलणार तर तीच. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात खोल्यांचे फोटो, दर आणि रात्रीचं आपोआप जाणारं उत्तर टाकून देईन मी. नंबर मात्र तिच्या स्वतःच्या नावावरचं सिमच हवं, कारण ते कंपनी बदलली तरी आपल्याकडे राहतं, क्लाऊडवाल्याने, म्हणजे आमच्यासारख्या सर्व्हरवरून फोन देणाऱ्या कंपनीने, दिलेला नंबर आपण सोडून गेलो की बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतो आणि मग छापलेले बोर्ड, कार्डं, गूगलवरचा पत्ता, सगळं गेलं. कंपन्यांचा भरवसा नाही, स्काईपसारखं स्काईप २०२५ च्या मे मध्ये बंद केलं. पुढेमागे खोल्या वाढल्या तर महिन्याचा प्लॅन बघू, पण तोही सोडायचा झाला तर नंबर कोणाचा हे आधी लेखी घ्यायचं. आणि तिची जुनी लँडलाईन चालू असेल तर पाऊस संपेपर्यंत तरी बंद करू नको म्हणावं.

तो मुलगा सोमवारी परत येणार आहे ना, तेव्हा मला फोन लावून त्याच्या हातात द्यायला सांग, मी बोलते त्याच्याशी.

तुमची,
बाय