पिंकीच्या दातांबद्दल

लीड्स, इंग्लंड
नोव्हेंबर २०२५

ती. दादा आणि सौ. वहिनींना सा. नमस्कार.

काल फोनवर माई शेजारी बसलेली, मोकळं बोलता आलं नाही म्हणून लिहिते. पिंकीचे पुढचे दोन दात तुटले, आणि अमळनेरच्या डॉक्टरांनी दोन्ही दातांना रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून टाकणं, वर दोन कॅप, मिळून बावीस हजार सांगितले, हे ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. पैशांचं मागाहून बघू. पिंकी पंधरा वर्षांची आहे. कॅपसाठी दात चहूबाजूंनी एक-दीड मिलिमीटर तासतात, आणि तासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, आयुष्यात परत येत नाही. या वयात आतली नस मोठी असते, तासताना तिला इजा व्हायची भीती जास्त. हिरडीही अजून वर सरकायची आहे, आज चपखल बसलेल्या कॅपची कड पुढे उघडी पडते.

आधी एक घाईचं. एक तुकडा अंगणात सापडला, दुसरा नाही, आणि खालचा ओठ अजून सुजलेला आहे. तुकडा ओठात रुतून बसलेला असू शकतो. दातांबरोबर ओठाचाही एक्स-रे काढायला सांगा. सापडलेला तुकडा कागदात सुकू देऊ नका, डबीत स्वच्छ पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. नीट जुळला तर तोच दाताला परत चिकटवता येतो, आणि स्वतःच्या दातासारखा रंग दुसऱ्या कशाला येत नाही.

फोटो मोठा करून पाहिला. डाव्या दाताचा नुसता कोपऱ्याचा टवका उडालाय. उजवा खोल तुटलाय, आतला पिवळसर थर दिसतो, म्हणून गार पाणी झोंबतं. पण नस उघडी पडल्याचा लाल ठिपका नाही, दातातून रक्तही आलं नाही असं वहिनी म्हणाल्या. मग डॉक्टरांना एवढंच विचारा: नस जिवंत आहे का, तपासली का? जिवंत असेल तर रूट कॅनाल कशासाठी? नस थोडी उघडी पडली असली तरी या वयात वरचा भाग काढून, औषध ठेवून, बाकीची वाचवायचा प्रयत्न आधी करतात.

दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून मी तुटलेला दात भरून काढायचं काम रोज बघत असते. दातावर अर्धा मिनिट अ‍ॅसिडचं जेल लावून धुतात, बाँड म्हणजे चिकटवायचं औषध लावतात, मग कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा मऊ लगदा, थराथराने चढवून निळ्या लाइटने कडक करतात. शेवटी पॉलिश. बहुतेक एकाच बैठकीत होतं, दात जवळजवळ तासावाच लागत नाही. आपल्याकडे एका दाताचे साधारण हजार ते तीन हजार होतात. इथे अठराच्या आतल्या मुलांना सरकारी सेवेत फुकट, मोठ्यांना २०२५ च्या दराने ७५.३० पाउंड, म्हणजे आपले साडेआठ-नऊ हजार, आणि खासगीत एका दाताचे दोनशे ते चारशे पाउंड सहज जातात. त्या मानाने गावाकडे चांगलं काम स्वस्तात होतं, फक्त करणारा हात नीट निवडायचा.

म्हणून अमळनेरात लगेच हो म्हणू नका. धुळ्याच्या एसीपीएम डेंटल कॉलेजात एकदा दाखवून आणा, एसटीने तासाभराचा रस्ता आहे. शिकाऊ डॉक्टर काम करतात म्हणून माई नाराज होईल, पण त्यांच्या मागे अनुभवी सर उभे असतात आणि कॉलेजात खर्चही कमी येतो.

कॉम्पोझिट जन्मभर टिकत नाही. पाच-सात वर्षांनी बदलावं लागतं, चहाने डागही पडतात. बदलायला काही हरकत नाही, कारण खाली तिचा दात शाबूत राहतो. विशी ओलांडल्यावर तिला वाटलं तर व्हेनिअरचा, म्हणजे दाताला पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्याचा, विचार करता येईल, तेव्हा एका दाताचे आठ-दहा हजार किंवा त्याहून जास्त धरून चला.

काम झालं की सगळं विसरू नका. मार लागलेल्या दाताची नस कधी कधी महिन्यांनी मरते, दात करडा पडतो. सहा ते आठ आठवड्यांनी आणि वर्षाने तपासणी कराच. वहिनी, ऊस आणि मक्याचं कणीस पुढच्या दातांनी तोडायचं नाही, बट्टीही चुरूनच द्या. लग्नाचं काय होईल असं माई तिच्यासमोर म्हणते, ते कृपा करून थांबवा. मुलगी हात तोंडावर धरून बोलायला लागली आहे, व्हिडिओवर मला दिसलं.

दादा, पैसे मी या आठवड्यात तुझ्या खात्यावर टाकते, कापूस घाईने विकू नकोस. धुळ्याला एक्स-रे निघाला की लगेच मला फोटो पाठव.

तुझी,
छोटी