रेडिओची वेळ एवढ्यात मोडीत काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतल्या जीपीएसवरच्या लेखात एका ओळीत लिहून टाकलंय की वेळ सांगणारी रेडिओ केंद्रं आता कालबाह्य झाली. हे काही पटलं नाही बुवा.

कॉम्प्युटरमधलं क्वार्ट्झ घड्याळ साधंच असतं, दिवसाला एक-दोन सेकंद सहज मागेपुढे जातं, खोली तापली की त्याची चाल अजून बदलते. म्हणून एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवायची पद्धत) नेटवरच्या सर्व्हरला वेळ विचारायची. पण सिक्युरिटीसाठी नेट मुद्दामच तोडलेलं असेल तर कोणाला विचारणार? जीपीएस लावा म्हणतात, पण त्याच्या अँटेनाला मोकळं आभाळ लागतं आणि सिग्नल इतका क्षीण की छोट्याशा जॅमरनेही गप्प होतो.

लाँगवेव्हवर, म्हणजे लांब रेडिओ लहरींवर, वेळ सांगणाऱ्या केंद्रांचं तसं नाही, केंद्र टप्प्यात असेल तर घरात बसूनही सिग्नल मिळतो. अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सजवळचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी 60 किलोहर्ट्झवर आहे, जर्मनीत माइनफ्लिंगेनचं डीसीएफ77 77.5 वर. डीसीएफची पद्धत तर मला भारी आवडते, दर सेकंदाच्या सुरुवातीला सिग्नलची ताकद क्षणभर उतरवतात, 100 मिलिसेकंद उतरली तर शून्य, 200 तर एक, असं करत मिनिटभरात पुढच्या मिनिटाची तारीख-वेळ सगळी येते आणि शेवटच्या सेकंदाला काहीच करत नाहीत, त्या गॅपवरूनच कळतं की आता नवीन मिनिट लागणार. छोटा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टला जोडला की एनटीपीचा प्रोग्रॅम हे वाचून घड्याळ लावतो.

आता साध्या रिसीव्हरवर मायक्रोसेकंदाची अचूकता मिळत नाही हे मान्य, काही मिलिसेकंद इकडेतिकडे होणारच, शिवाय केंद्रापासून दर 300 किलोमीटरला साधारण 1 मिलिसेकंद उशीर धरावा लागतो. आणि रिसीव्हर मॉनिटरला किंवा पॉवर सप्लायला चिकटवून ठेवला तर नुसता कचरा ऐकू येतो (लोक नेमकं तिथेच ठेवतात!). पण दोन मशीनचे लॉग (कधी काय झालं याच्या नोंदी) जुळवायला एवढं खूप झालं.

अमेरिकेत 2018 मध्ये कोलोरॅडो आणि हवाईची केंद्रं बंद करायचा प्रस्ताव आला होता, भरपूर ओरड झाली, केंद्रं अजून चालूच आहेत.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर खरं कोण हे तिसऱ्याशिवाय ठरत नाही, एनटीपीसुद्धा बहुमत बघून वेगळं पडलेलं घड्याळ बाजूला काढतं. पण तिन्ही सर्व्हर जीपीएसवरूनच वेळ घेत असतील तर ते तीन कसले, एकच की! म्हणून रेडिओसारखं वेगळं घड्याळ हवं. लेखकांनी यावर पुढे लिहिलं तर वाचायला आवडेल.

आपला एक नियमित वाचक